पत्त्यातला वाटसरू
टॅरोच्या पत्त्यांना उद्याचं कळतं का, हा वाद बाजूला ठेवून मी त्यांच्याकडे पाहते, कारण मला त्यांतली चित्रं मोलाची वाटतात. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळण्यासाठी रंगवले जात. भविष्यकथनात ते रुळले अठराव्या शतकात. आज जगभर ओळखीचा असलेला 78 पत्त्यांचा संच 1909 मध्ये लंडनमध्ये निघाला. मांडणी आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधी बहुतेक संचांत अंकांच्या पत्त्यांवर नुसते पेले, तलवारी, दंड नि नाणी असत. पामेला यांनी तिथे माणसं आणली. पेल्यांच्या अठ्ठीत लाल वस्त्रातला एकजण रचलेले पेले मागे टाकून, काठी टेकत, रात्रीचा डोंगराकडे निघालाय. का निघालाय, ते पाहणाऱ्यानं ठरवायचं. नोकरीत घुसमटणाऱ्याला त्यात धैर्य दिसेल, लेक दूर गेलेल्या आईला निष्ठुरपणा. चित्राबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःचं मन उघडं करतो, आणि ते त्याच्या लक्षात आलं की आत्मशोध सुरू होतो. म्हणून लग्न, पैसा, आजारपण यांचे निर्णय पत्त्यांवर सोपवू नयेत. एक पत्ता काढावा, मनात आलेलं पहिलं वाक्य वहीत लिहावं आणि तेच का सुचलं, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं. साधनेला एवढी सुरुवात पुरते.