कोरफडीच्या पानाचा काटा कोणाच्या हातात?



कापूस परवडत नाही, ज्वारीला भाव नाही, मग औषधी वनस्पती लावा, असे सांगणाऱ्यांचे गावोगाव पेव फुटले आहे. गाडीतून उतरतात आणि गुळगुळीत कागदाचे पुस्तक हातात देतात. वर कोरफडीचे चित्र, आत प्रयोगशाळेचे आकडे, शेवटी करारपत्र. रोपे त्यांची, खरेदी त्यांची. जमीन, घाम आणि जोखीम तेवढी आपली. "पानाच्या अर्काची शास्त्रीय तपासणी झाली आहे, त्वचेला आणि आरोग्याला गुणकारी असल्याचे सिद्ध झाले आहे," हे वाक्य अशा प्रत्येक पुस्तकात असते. आमचे भांडण त्या वाक्याशी आहे.

तपासणीला आमचा विरोध नाही. शेतकी कॉलेजात आम्ही हेच शिकलो. म्हणूनच विचारतो, काय तपासले?

अर्क काढण्यात काही जादू नाही. पान वाळवायचे, भुकटी करायची, पाण्यात किंवा मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची, आटवायची. मग डीपीपीएच नावाचे जांभळे द्रावण घेऊन त्यात तो अर्क टाकायचा. रंग उडून पिवळट झाला की अर्क 'अँटिऑक्सिडंट' ठरला. ही परीक्षा टपरीवरच्या चहाची पत्तीसुद्धा चांगल्या मार्कांनी पास होते. दुसरी परीक्षा जंतूंची. जंतू वाढवलेल्या ताटलीत अर्कात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची आणि भोवती किती मिलिमीटरपर्यंत जंतू वाढले नाहीत ते मोजायचे. दोन्ही परीक्षा खऱ्या आहेत, उपयोगाच्याही आहेत. शंभर झाडांतून पुढे कोणती तपासावीत, एवढे त्या सांगतात. त्याच्या पुढचे त्या काही सांगत नाहीत. काचेच्या नळीला ना कातडी असते, ना पोट.

उद्या एखादा दुकानदार म्हणाला, "हे औषध घ्या, बाटलीत बोंडअळी मेली," तर आपण विचारू की शेतात मेली का? किती फवारण्यांत? खर्च किती? विद्यापीठाला नवा वाण शिफारस करायचा तर अनेक ठिकाणी, अनेक हंगाम चाचणी घ्यावी लागते. त्वचेच्या मलमाला हा नियम का नको? माणसांचे दोन गट करायचे, एकाला अर्काचे मलम, दुसऱ्याला तसेच दिसणारे बिनअर्काचे, आणि कोणाला काय दिले हे शेवटपर्यंत झाकून ठेवायचे. ही चाचणी महाग असते. म्हणून पुस्तकात नळीचे आकडे असतात.

आता कोरफडच घ्या. तिच्या पानात दोन वेगळ्या वस्तू आहेत. सालीखाली पिवळा, कडू चीक. तो आटवला की काळा बोळ होतो. आत पांढरा गर. चिकात अ‍ॅलॉइन असते, ते जबर रेचक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा चीक बाद केला. पुढे तिथेच चीक न काढलेल्या सबंध पानाचा अर्क उंदरांना दोन वर्षे पाण्यातून पाजला, तेव्हा मोठ्या आतड्यात गाठी आढळल्या. त्यावरून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सबंध पानाच्या अर्काला 'माणसाला कर्करोगकारक असण्याची शक्यता' या वर्गात टाकले. हा निकाल चीक न काढलेल्या अर्काबद्दल आहे, नुसत्या गराबद्दल नाही. तेव्हा 'कोरफड तपासली' या दोन शब्दांना काही अर्थ नाही. चीक काढून की चिकासकट, पिण्यासाठी की लावण्यासाठी, हे सांगा.

आणि गुण? भाजल्यावर गर लावला तर जखम लवकर भरत असावी, असे २००७ च्या एका आढाव्यात दिसले, पण मूळ चाचण्या लहान होत्या. २०१२ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्याने सर्व जखमांबाबत स्पष्ट म्हटले, की दर्जेदार पुरावा पुरेसा नाही. चुलीवर हात भाजला की आजी गर लावायची ते खुळेपण नव्हते, एवढे यातून निघते. सुरकुत्या जातात आणि मधुमेह बरा होतो, हे निघत नाही.

दुसऱ्या टोकाचे लोकही आम्हाला भेटतात. "आपल्या पूर्वजांनी सगळे सांगून ठेवले आहे, तपासायचे कशाला?" असे म्हणणारे. त्यांनी हळदीचा खटला आठवावा. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाला मिळाले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. मोर्चा काढून नाही झाले. आपल्या सीएसआयआरने ३२ छापील संदर्भ पुढे ठेवले, म्हणून झाले. कडुनिंबाच्या तेलावरचे युरोपातले पेटंट २००० मध्ये रद्द झाले, अपिलासह निकाल लागायला २००५ उजाडले. तिथे चालला तो कागद. अभिमान खिशात ठेवा आणि कागद मागा.

कारण कागद म्हणजेच काटा. उसाला रिकव्हरी कारखाना ठरवतो. दुधाचा फॅट डेअरी ठरवते. कापसात ओलावा किती हे केंद्रावरचा ग्रेडर ठरवतो, आणि १२ टक्क्यांच्या वर आकडा गेला की गाडी माघारी. माप ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात, हे आपण तीन पिढ्या भोगले आहे. पानाच्या अर्काचा तपासणी अहवाल हे नवे माप आहे. तेही खरेदीदाराच्याच हातात राहणार असेल तर पीक बदलून काय बदलले?

उलट आपली बाजू आणखी लंगडी होते. कापूस निदान घरात भरून ठेवता येतो, भाव येईपर्यंत थांबता येते. कोरफडीचे पान कापले की त्यातला कामाचा अंश, तो अ‍ॅसिमॅनन, उतरू लागतो. दारात उभी असलेली गाडी म्हणेल तो भाव. शिवाय गरात ९८ टक्क्यांच्या वर पाणीच. म्हणजे कारखाना लांब असेल तर आपण भाडे देऊन पाण्याची वाहतूक करणार. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली, वारा आपल्याकडे होता, आणि त्यांच्या प्रयोगशाळेने अंश सापडल्याचे सांगितले, तर माल बांधावर सडणार. त्यांची प्रयोगशाळा खोटे बोलते असे आम्ही म्हणत नाही. ती त्यांची आहे, एवढेच म्हणतो.

आणि बाटलीत तरी काय असते? २०१६ मध्ये अमेरिकेत एका वृत्तसंस्थेने मोठ्या दुकानसाखळ्यांच्या कोरफड जेलच्या बाटल्या तपासून घेतल्या. कोरफडीच्या खुणा सापडल्या नाहीत. सापडले माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून होणारी स्वस्त पूड. दुकानांनी निष्कर्ष मान्य केला नाही. पण ज्या बाजारात कोरफडीवाचून कोरफड विकता येते, तिथे कोरफड पिकवणाऱ्याची पत किती? बाटली तपासली गेली तरच आपल्या पानाला गिऱ्हाईक आहे. म्हणजे कडक तपासणी हवी ती आपल्यालाच.

२००२ च्या जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना लाभवाटणीतून सूट मिळाली. एक परवाना कमी झाला, याचे आम्हाला दुःख नाही. पण आता जे काही पदरात पडायचे ते करारातल्या भावातूनच पडणार, हे लक्षात घ्या. पांढऱ्या मुसळीच्या वेळी करार न वाचता बेणे घेतले गेले. बेणे विकणाऱ्याचे भले झाले, पिकवणारा गिऱ्हाईक शोधत फिरला.

तेव्हा सही करण्याआधी अर्क कोणत्या भागाचा, कशात काढलेला आणि कोणती चाचणी, याचा मूळ अहवाल मागा. पुस्तकातला उतारा चालणार नाही. प्रयोगशाळेला एनएबीएल मान्यता आहे का, पाहा. भाव पानाच्या वजनावर की गराच्या प्रतीवर, हे करारात लिहून घ्या. प्रतीवर असेल तर प्रत्येक खेपेचे तीन नमुने काढा, दोघांच्या सहीने सील करा: एक त्यांचा, एक आपला, तिसरा वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. खतांचे नमुने असेच निघतात, मग पानाचेच का निघू नयेत? तपासणीचा खर्च एकट्याला झेपणार नाही, तालुक्यातल्या सगळ्यांनी मिळून झेपेल. आणि माल नाकारला तर तो कोणाच्या खर्चाने परत येणार, हे कलम शोधा. आम्ही वाचलेल्या करारपत्रांत ते एकतर नव्हतेच, नाहीतर आपल्याच नावावर होते.

ज्यांच्याकडे अशी करारपत्रे आली आहेत त्यांनी जिल्हा बैठकीला येताना झेरॉक्स आणावी, मागच्या बारीक अक्षरांच्या पानासकट. सही झाली असली तरी आणा.