क्षयाची गोळी आणि पानातले अन्न

घरात क्षय शिरला की त्या घराचे नावही एके काळी शेजारीपाजारी हलक्या आवाजात घेत. ऐपतदार लोक रोग्याला मिरजेजवळच्या वानलेसवाडीस धाडीत. इतरांच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात त्याची ताटवाटी वेगळी होई. मोकळी हवा, विश्रांती व दूध-अंडी यांवाचून रोगी वाचत नाही, अशी भल्याभल्या डॉक्टरांचीही समजूत होती.

ती मोडली मद्रासने. तेथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षय-औषधोपचार केंद्राने गरीब वस्तीतील १९३ रोग्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरीच औषधे दिली. वर्षाअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२ व घरच्यांपैकी शेकडा ८६ जणांचा रोग शमला. घरच्या माणसांना त्यामुळे अधिक लागण झाली, असेही आढळले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९६२चा राष्ट्रीय क्षय कार्यक्रम घरगुती उपचारावर उभा राहिला. खाटा मोजणाऱ्या सरकारने पुराव्यापुढे मान तुकवावी, हे आपल्याकडे क्वचितच घडते. (आठवड्यातून तीनदा गोळ्या देण्याची पुढली रीत सोडून २०१७ साली रोजच्या मात्रेकडे वळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले होते!)

मात्र मद्रासच्या प्रयोगाचा अर्थ सरकारी दप्तरात वाजवीपेक्षा अधिक ताणला गेला, असे आम्हांस वाटते. औषध नियमित पोटात गेले तर निकृष्ट आहारावरही रोगी बरा होऊ शकतो, एवढेच त्याने दाखविले होते. उपाशी घरात क्षय फैलावत नाही, असे त्याने कोठे म्हटले होते? तरीही अन्नाचा प्रश्न दशकानुदशके कार्यक्रमाच्या काठावरच राहिला. रोग्याला आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले ते २०१८ साली. २०२४ च्या नोव्हेंबरपासून त्यांचे हजार झाले.

आता झारखंडचा पुरावा समोर आहे. तेथे २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रोग्यांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास झाला. त्यांतील एका गटाला माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या गटात क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. २०२३ साली हे प्रसिद्ध झाल्यावर केंद्राने रोग्याच्या कुटुंबीयांनाही शिध्यात सामावून घेतले खरे, पण तो शिधा ‘निक्षय मित्र’ म्हणविणाऱ्या दात्यांच्या मर्जीवर सोडला. औषध सरकारचे आणि तांदूळ-डाळ दानधर्माची, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात क्षयरोग्याच्या प्रत्येक घरी रास्त भावाच्या दुकानामार्फत हा शिधा हक्काने पोहोचविणे अवघड नाही. येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद राज्य सरकारने करावी.