वसईचा दुभाष्या

७ सप्टेंबर २०२५ रोजी रोम येथे कार्लो अकुतिस या मुलास संतपद बहाल करण्यात आले. २००६ साली वयाच्या अवघ्या १५ व्या वर्षी निवर्तलेला हा संगणकप्रेमी विद्यार्थी धर्मगुरू नव्हता की संन्यासी नव्हता. त्याची वार्ता आपल्याकडेही कुतूहलाने वाचली गेली. मात्र डोंबिवलीजवळच्या कोपर स्थानकातून थेट गाडीने जेथे जाता येते, आणि २०१४ पर्यंत जी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, त्या वसईत जन्मलेल्या संताचे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई याच मातीतली. पोरवयातच ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथे धर्मशिक्षकाचे काम करता करता त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पुरी झाली नाही. तेव्हा त्यांनी व्यापार धरला आणि त्यात त्यांचा जमही बसला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांना अखेरपर्यंत नव्हता. त्यांच्यापाशी होती ती भाषा. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाष्याचे काम त्यांच्याकडे आले.

१५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. आधी धर्मप्रसारक पाठवायचे आणि मागाहून सैन्य, ही स्पेनची रीतच आहे, असे त्या गलबतावरील कुणी बोलून गेल्याचे सांगतात. हिदेयोशीचा संशय बळावला. क्योतो येथे कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा छाटण्यात आला, भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांपैकी १७ जण सामान्य श्रद्धावंत होते; लुईस इबाराकी हा तर अवघा १२ वर्षांचा. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्वांस संत घोषित केले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून गोन्सालो ओळखले जातात.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो डावलणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिदेयोशीची भीती अगदीच निराधार होती, असे निदान वसईच्या परिसरातील माणसाने तरी म्हणू नये. क्रूस आणि तलवार एकाच गलबतातून उतरल्याचे या किनाऱ्याने पाहिले आहे. येथील देवळे पाडली गेली, हा इतिहास आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयास आपल्या मनात जे स्थान आहे, ते काही उगाच नव्हे. परंतु राजसत्तेच्या अपराधाचे माप एका दुभाष्याच्या पदरात घालणे हा न्याय नव्हे. त्यांच्या हाती फौज नव्हती, सत्ता नव्हती. परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या दोन जगांच्या मधोमध ते शब्द घेऊन उभे होते आणि प्रसंग आला तेव्हा सोबत्यांस सोडून गेले नाहीत.

हा प्रश्न केवळ चारशे वर्षांपूर्वीचा नाही. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या धर्मावरून विरोधाचे सूर उमटलेच. मराठीत लिहिणारा, मराठीत प्रार्थना करणारा शेजारी आपल्याला परका वाटतो, याचे एक कारण असे की त्याचा इतिहास आपण आपल्या इतिहासात कधी धरलाच नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांच्या सहली वसईच्या किल्ल्यात गेल्या की गुरुजी रणसंग्रामाची कथा सांगतात. ती सांगितलीच पाहिजे. तिच्यासोबत याच गावातून निघालेल्या, हवे ते पद न मिळालेल्या, पण हाती आलेले काम प्राणमोलाने निभावणाऱ्या एका मुलाचीही कथा सांगावी. ती ऐकण्यासाठी कोणास आपली श्रद्धा बदलावी लागणार नाही. शेजाऱ्याची ओळख मात्र होईल, आणि तिची गरज आज कमी झालेली नाही.