रणगाड्याला चाचणी, शेतकऱ्याला नशीब

यंत्र भरवशाचे आहे की नाही हे कसे ठरवतात, ते पाहायला नगर जिल्ह्यातल्या माणसाला परमुलखात जायची गरज नाही. नगरजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची व्ही.आर.डी.ई. ही संस्था आहे. लष्कराच्या गाड्यांच्या आणि बाजारात येणाऱ्या गाड्यांच्याही चाचण्या तिथे होतात. गाडी चढावर घालायची, खडबडीत रस्त्यावरून दामटायची आणि काय मोडते, कधी मोडते ते लिहून ठेवायचे, असे हे काम. पलीकडे के. के. रेंजवर २२ सप्टेंबर २०२० रोजी अर्जुन रणगाड्यातून क्षेपणास्त्र डागून पाहिले गेले. रेंजच्या जमिनीचा हिशेब वेगळा आहे. तो आम्ही सोडलेला नाही, पण आजचा विषय तो नाही.

सैनिकाच्या हाती यंत्र देण्याआधी ते ठोकूनठाकून पाहावे, हे योग्यच आहे. आमचा प्रश्न एवढाच की शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीवाल्याला आणि कर्जत-जामखेडच्या ज्वारीवाल्याला जे यंत्र विकले जाते, त्याची खरी चाचणी कुठे होते? ती होते त्याच्याच रानात, त्याच्याच पैशाने आणि त्याच्याच पिकावर.

काहीच तपासले जात नाही असे नाही. ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रीय संस्थेत होते. पंपाला, मोटारीला आय.एस.आय.चा मार्क असतो. पण तिथे तपासली जाते ती एकेक वस्तू. मोटार ४१५ व्होल्टसाठी बांधलेली असते आणि थोडाफार चढउतार ती सोसते. आपला फीडर मात्र तिची मर्यादा पाळतोच असे नाही. व्होल्टेज पडले की भार ओढणारी मोटार जादा करंट घेते, तापते आणि वाइंडिंग जळते. एक फेज गेली तर आणखी लवकर जळते. कारखान्यात पास झालेली मोटार बांधावर नापास होते आणि दोष शेतकऱ्याच्या कपाळी येतो.

यातले गणित समजून घेतले पाहिजे, कारण ते अवघड नाही. विहिरीतले पाणी पिकापर्यंत यायला पाच कड्या लागतात : डीपी, केबल, स्टार्टर, मोटार आणि पाइपलाइन. प्रत्येक कडी हंगामभर न बिघडता चालण्याची शक्यता दहात नऊ आहे असे धरू. ऐकायला हे चांगले वाटते. पण पाचही कड्या एकाच हंगामात धड राहण्याची शक्यता काढायची तर नऊ-दशांशाचा पाच वेळा गुणाकार करावा लागतो. उत्तर येते शंभरात ५९. म्हणजे प्रत्येक वस्तू ‘चांगली’ असूनही शंभरातल्या ४१ शेतांत पाणी कधी ना कधी थांबणारच. मोटार विकणारा म्हणेल, माझा माल दहात नऊ चांगला. डीपी बसवणाराही तेच म्हणेल. दोघेही खरे बोलतील आणि तरी शेतकरी बुडेल. शेतात साखळी चालते, सुटी कडी चालत नाही. म्हणून चाचणीही साखळीची व्हायला हवी.

दुसरी गोष्ट डेमोची. कंपनीची जीप गावात येते, एक यंत्र अर्धा तास चालवून दाखवते, टाळ्या होतात, बुकिंग होते. याला चाचणी म्हणत नाहीत. तीस यंत्रे पूर्ण हंगाम चालली आणि एकही बिघडले नाही, तरी संख्याशास्त्र एवढेच सांगते की बिघाडाचे प्रमाण बहुधा शेकडा १० च्या आत आहे. तीस यंत्रांची ही गत, तर एका यंत्राच्या अर्ध्या तासाची किंमत काय? नवे वाण शिफारस करण्याआधी कृषी विद्यापीठे ते निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हंगामांत पेरून पाहतात. बियाण्याला हा न्याय, मग यंत्राला का नाही?

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. यंत्र किती वेळा बिघडते एवढे पाहून भागत नाही, ते किती दिवसांत पुन्हा सुरू होते हे पाहावे लागते. एक पंप हंगामात चार वेळा बंद पडला, पण मिस्त्री गावातच असल्याने प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसात चालू झाला. दोन दिवस गेले. दुसरा एकदाच बिघडला, पण त्याचा भाग पुण्याहून यायला पंधरा दिवस लागले. कागदावर दुसरा पंप चौपट भरवशाचा ठरतो. ज्वारी पोटरीत असताना ते पंधरा दिवस आले तर मात्र कडबाच हाती राहतो. बागायतदाराची एक पाळी चुकली तर पुढची असते. कोरडवाहूवाल्याच्या विहिरीत एखाद-दुसऱ्या पाळीपुरतेच पाणी असते आणि ती पाळी चुकली की सारा हंगाम चुकतो.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे. ती चांगलीच आहे. पण हमीने भाग बदलून मिळतो, हुकलेली पाळी मिळत नाही. हमी किती वर्षांची हे विचारताना, दुरुस्ती किती दिवसांत, हेही विचारले पाहिजे.

मोटार जळाली तर निदान दिसते. काही यंत्रे बिघडतात आणि चालूच दिसतात. महसूल मंडळातले स्वयंचलित पर्जन्यमापक घ्या. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात. मापकाच्या नरसाळ्यात पाला, माती किंवा पाखरांची घाण अडकली की पाणी नीट उतरत नाही आणि नोंद कमी होते. रानात कपाशी पाण्यात उभी, बोंडे काळी पडलेली आणि कागदावर पाऊस बेताचा! असा बिघाड आपोआप कळत नाही. तो शोधावा लागतो. मोजून घेतलेले पाणी हळूहळू ओतायचे आणि यंत्र किती दाखवते ते पाहायचे. एवढीच ती परीक्षा आहे, आणि ती दर पावसाळ्याआधी गावकऱ्यांसमोर व्हावी.

कुणी म्हणेल, चाचण्या वाढल्या की यंत्रे महागतील. महागतील थोडी. पण आज न केलेल्या चाचणीचा खर्च कुणी भरत नाही असे थोडेच आहे? तो शेतकरी भरतो, पावतीशिवाय. दुसरी शंका आमच्याच कार्यकर्त्यांची आहे आणि ती रास्त आहे : चाचणीच्या नावाखाली नवे परवाना राज्य येईल, साहेबाच्या सहीशिवाय यंत्र विकता येणार नाही. ते आम्हाला नकोच. कुठल्याही यंत्रावर बंदी आम्ही मागत नाही. निकाल उघडा करा, मराठीत छापा, यंत्राच्या किमतीशेजारी लावा. कुठले घ्यायचे ते शेतकरी ठरवील. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य पाहिजे, तर ते डोळे उघडे ठेवून निवडता आले पाहिजे.

आमच्या मागण्या चार आहेत. अनुदानाच्या यादीत येणाऱ्या पंपसंचाची चाचणी जिल्ह्यातल्या खऱ्या विहिरींवर, खऱ्या फीडरवर, निदान दोन हंगाम व्हावी. बिघाडांचे आणि दुरुस्तीला लागलेल्या दिवसांचे आकडे जाहीर व्हावेत. दुरुस्तीला मुदत असावी आणि मुदत टळली तर दिवसागणिक भरपाई मिळावी. विजेच्या सेवेसाठी हे तत्त्व २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहेच. पर्जन्यमापकाची तपासणी जाहीर व्हावी.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. प्रत्येक गावात एक वही घाला. डीपी, स्टार्टर, मोटार, फवारणी पंप, काहीही बंद पडले की चार रकाने भरा : कधी बंद पडले, कशाने, कधी सुरू झाले, पीक तेव्हा कोणत्या अवस्थेत होते. चालू असलेल्या यंत्रांची संख्याही लिहा, नाहीतर शेकडेवारी निघणार नाही. हंगाम संपला की वह्या जिल्हा बैठकीला आणा. एका शेतकऱ्याची तक्रार साहेब टेबलाखाली सारतो. दोनशे गावांच्या तारखा एकत्र आल्या तर त्या सारणे कुणालाही जड जाईल.