राणीबागेतल्या पाट्या वाचा

आपली पोरं राणीच्या बागेत जातात ती वाघ बघायला, हत्ती बघायला. आता पेंग्विन बघायला. झाडं कुणी बघत नाही, आणि झाडांच्या पाट्या तर नाहीच नाही. खरी मेख तिथंच ठोकलेली आहे.

ही बाग १८६२ साली भायखळ्याला उघडली, लेडी फ्रिअरच्या हस्ते. म्हणजे गव्हर्नराच्या बायकोच्या. नाव दिलं व्हिक्टोरिया राणीचं. स्वातंत्र्यानंतर जिजामातेचं नाव लागलं, तरी गिरणगावाच्या तोंडी राणीची बागच राहिली. मूळची ही झाडांचीच बाग, जनावरं मागाहून आली. आजही तीन हजारांवर झाडं तिथं उभी आहेत. ती खोदली कुणी, खत-पाणी घातलं कुणी, कावडी कुणी वाहिल्या, ते कुठंही लिहिलेलं नाही. राजाराण्यांचे दगडी पुतळे मात्र सांभाळून ठेवलेत. काळा घोडासुद्धा १९६५ साली इथंच आणून उभा केला.

आता उर्वशीकडं या. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे खाली सुटलेले. बघणारा गप्प होतो, इतकं देखणं झाड. पण त्याची जन्मकथा ऐका. १८२४ ते १८२६ इंग्रजांनी ब्रह्मदेशाशी लढाई केली. जिंकलेल्या मुलखात माल काय आहे ते बघायला कलकत्त्याच्या बागेचा मुख्य डॉ. वॉलिच गेला. १८२७ साली साल्वीन नदीकाठी एका मोडक्या बौद्ध मठाच्या बागेत त्याला हे झाड दिसलं. जवळच्या लेण्यांत बुद्धाच्या मूर्तींपुढं ह्याच फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. हे त्यानंच लिहून ठेवलंय, मी पदरचं सांगत नाही.

मग नाव काय दिलं? मठातल्या भिक्षूंचं? तिथले लोक ज्या नावानं त्याला ओळखत होते ते? छट्! गव्हर्नर जनरलच्या बायकोचं आणि लेकीचं. ॲम्हर्स्टिया. ज्याच्या कारकिर्दीत लढाई झाली त्याच्याच घरात फूल गेलं. हे झालं साहेबाचं. आपल्याकडं त्याचं दुसरं बारसं झालं. उर्वशी! इंद्राच्या दरबारात नाचणारी. बुद्धाला वाहिलेलं फूल दोन वेळा बाटवलं, आणि पाटीवर त्याचा मागमूस नाही.

कैलासपतीची गंमत तर विचारूच नका. झाड दक्षिण अमेरिकेतलं. त्याच्या लॅटिन नावातच गयाना आहे. फुलातल्या केसरांचा आकार फण्यासारखा, खाली मध्ये उंचवटा. झालं! भटाला एवढं पुरे. शंकराची पिंडी आणि वर नाग. लोक हात जोडतात. जे झाड पुराणं रचणाऱ्यांच्या बापजन्मी इथं नव्हतं, ते थेट कैलासावर नेऊन बसवलं. आणि हसू नका, श्रीलंकेत ह्याच झाडाला लोक 'साल' म्हणून विहारात लावतात. बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं तो साल वेगळा, हे वेगळं. आपल्या विहारापुढं कुणी कौतुकानं लावलं तर लावू द्या, झाडाचा काय गुन्हा? पण खोटी पोथी चिकटवू नका.

गोरखचिंच आफ्रिकेतली. नाव गोरखनाथाचं. ज्या काळ्या माणसांच्या मुलखातून ती आली ते गायब.

आणि पाटीवरच्या लॅटिनला वचकू नका. त्यामागं कुणाची अक्कल आहे ते बघा. कोचीनच्या डच गव्हर्नरानं, व्हान ऱ्हीडनं, मलबारातल्या ७४२ वनस्पतींचा ग्रंथ करवला. हॉर्टस मलबारिकस. १६७८ ते १६९३, ॲमस्टरडॅमला १२ खंड छापले. पुढं लिनियसनं हिंदुस्थानी झाडांना नावं देताना हाच ग्रंथ समोर घेतला. ह्यात माहिती देणारा मोठा जाणकार कोण? इट्टी अच्चुदन. जातीनं एळवा, अवर्ण, पिढीजात वैद्य. त्याची १६७५ची जबानी त्याच्या लिपीत पहिल्या खंडात छापली आहे. तिघा कोकणी भटांचीही आहे, नागरीत. म्हणजे डच व्यापाऱ्याला कळलं की नाव छापावं लागतं. आणि ज्याचं ज्ञान ॲमस्टरडॅमला पोचलं, त्याच्या जातीला वैकमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी १९२४ साली सत्याग्रह करावा लागला!

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, लोकांना पोटाला नाही आणि हा झाडांच्या पाट्या घेऊन बसलाय. मित्रा, एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ आपल्या वस्त्या जळाल्या, माणसं मेली. नावात काय आहे हे आपल्याला कुणी शिकवायचं?

पोटाचंही बोलू. २०१६ साली सोलहून आठ पेंग्विन आणले. मुंबईच्या घामट हवेत त्यांना १६-१८ अंशांचा गारवा. खुरपं मारणाऱ्या बिगाऱ्याला ऊन. मुका पक्षी, त्याच्यावर राग नाही. पण २०१७च्या ऑगस्टात ५ रुपयांचं तिकीट ५० झालं. चौकोनी कुटुंबाला १००. आईबाप आणि दोन पोरं, पांढरपेशांचा हिशोब! तिसरं पोर ज्याच्या घरात, त्यानं काय त्याला फाटकाबाहेर उभं करायचं? कामाठीपुऱ्याला, नागपाड्याला, माझगावला दुसरी सावली आहे कुठं?

तेव्हा मागण्या साध्या आहेत. कामगारवस्तीतल्या पोरांना बाग फुकट. उर्वशीच्या पाटीवर साल्वीनकाठचा मठ लिहा. कैलासपतीवर त्याचा खरा मुलूख लिहा. अच्चुदनाचं नाव बागेत कुठंतरी मोठ्या अक्षरात लावा. आणि आज ज्या माळ्याच्या हाताखाली जी झाडं आहेत तिथं त्याचं नाव लावा, त्याला विचारून.

पालिकेला निवेदन देण्याआधी पाट्या एकेक करून उतरवून घेऊ. बुधवारी बाग बंद असते. रविवारी सकाळी फाटकाशी या. वही-पेन्सिल आणा. माळ्यांशी बोलताना अहो-जाहो करा.