घरची बंदूक लेथवर नेऊ नका

त्र्यंबक रस्त्याच्या बाजूच्या गावांत भात निसवला की राखणीचे दिवस सुरू होतात. महिरावणी, बेळगाव ढगा, गिरणारे या पट्ट्यात भात, नागली, टोमॅटो आणि द्राक्ष ही पिकं एकाच शिवारात उभी दिसतात. रानडुकरांचा एक कळप रात्रीतून अर्धा एकर भात लोळवून जातो. हे नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याला घरातल्या जुन्या बंदुकीची आठवण होते. माळ्यावरून किंवा कपाटातून ती खाली काढली जाते. नळीला गंज चढलेला असतो, दस्त्याला चीर गेलेली असते, घोडा अडकत असतो. आणि सातपूरची औद्योगिक वसाहत तर हाकेच्या अंतरावर. तिथं लेथ आहे, मिलिंग आहे, वेल्डिंग आहे, हात बसलेला टर्नर आहे. मग कोणीतरी म्हणतं, "अहो, इंजिनाचे भाग बनवणाऱ्यांना बंदुकीचा घोडा काय जड आहे?"

गावांत फिरताना हा प्रश्न मला अनेकदा ऐकू येतो. अलीकडं त्यात मोबाइलची भर पडली आहे. परदेशातला माणूस घरच्या टेबलावर कारखान्यात तयार झालेली शिकारी रायफल खोलतो, दस्ता बदलतो, दुर्बीण बसवतो, नळी बदलतो, आणि आपली पोरं ते डोळे विस्फारून बघतात. अमेरिकेत हा बऱ्याच लोकांचा छंद आहे आणि तिथल्या कायद्यात तो बराचसा बसतो. आपल्याकडं बसत नाही. तेव्हा कौशल्य आहे की नाही हा सवाल मागाहून येतो. आधी कायदा काय म्हणतो आणि त्या बंदुकीचा शेताला खरोखर उपयोग किती, या दोन गोष्टी नीट समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. बंदूक बाळगायला परवाना लागतो हे कलम ३ सर्वांना माहीत असतं. कलम ५ मात्र फार थोड्यांना माहीत असतं. बंदूक तयार करणं, विकणं, तिच्यात बदल करणं, ती दुरुस्त करणं, तिची चाचणी घेणं, या प्रत्येक कामाला वेगळा परवाना लागतो. आपल्या हातातला परवाना बाळगण्याचा असतो, दुरुस्तीचा नसतो. कलम ६ नुसार नळी आखूड करणं किंवा एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणं यालाही परवाना हवा. शिवाय कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रातच मोडतात. म्हणजे पूर्ण बंदूक वर्कशॉपमध्ये नेली नाही, नुसता बोल्ट पिशवीत घालून नेला, तरी सुटका नाही.

शिक्षेचं बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्ती किंवा बदल यासाठी किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी तरतूद झाली. हा फास काम सांगणाऱ्यावर जसा येतो तसा लेथवर काम करणाऱ्यावरही येतो. शे-दोनशे रुपयांच्या जॉबवर्कसाठी सातपूरच्या एखाद्या होतकरू कारागिराचं आयुष्य आपण पणाला लावतो, याचा विचार कोणी करत नाही. तो कारागीर बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच भावकीतला असतो.

गुन्हा उघडा पडणार नाही, या भ्रमातही राहू नये. प्रत्येक शस्त्राचा क्रमांक परवान्यावर असतो, परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय माहितीसाठ्यात असते, आणि निवडणुकीच्या काळात जमा करायला सांगितलेली बंदूक ठाण्यात डोळ्यांखालून जाते. घासलेला क्रमांक, कापलेली नळी, नवी भोकं तिथं लपत नाहीत.

रायफल आणि बंदूक यांत फरक आहे

बोलताना आपण सगळ्यालाच बंदूक म्हणतो. पण बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून छर्रे सुटतात. चाळीसेक मीटरच्या पुढं छर्‍यांचा जोर ओसरतो. रायफलच्या नळीत पिळाचे चर असतात, त्यामुळं गोळी फिरत फिरत सरळ जाते आणि चुकली तर दोन किलोमीटरच्या पलीकडंही जाऊन पडू शकते. आज सातपूर ते त्र्यंबक रस्त्यावर वस्ती नाही असा किलोमीटर शोधून काढावा लागेल. डुकरावर सोडलेली गोळी कोणाच्या अंगणात जाईल याचा नेम नाही.

कायदा करणाऱ्यांनी हा फरक ओळखला होता. कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची, किमान २० इंच नळी असलेली दुसरी बंदूक देता येते. पीक संरक्षणाच्या या तरतुदीत रायफल नाही. म्हणून वडिलांच्या काळातली शिकारी रायफल "पिकाच्या राखणीसाठी" दुरुस्त करून घेतो म्हणणं मुळातच चुकीच्या पायावर उभं आहे.

आपल्याकडं ज्या जुन्या शिकारी रायफली दिसतात त्यात .३१५ बोअरची बरीच आहेत. त्यामागं इतिहास आहे. लष्कराचं .३०३ काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांच्या काळात वेगळ्या मापाची रायफल पुढं आली आणि नंतर इच्छापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानं त्याच मापाची रायफल नागरिकांसाठी काढली. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसं चालवणारी रायफल आजही निषिद्ध वर्गात मोडते. तेव्हा "हिला दुसरी नळी बसवू, दुसरी काडतुसं चालतील" असा सल्ला देणारा माणूस आपल्याला साध्या परवान्यातून उचलून निषिद्ध शस्त्राच्या गुन्ह्यात नेऊन टाकतो. आवाज दाबणारी नळकांडीही निषिद्धच आहेत.

लेथवर काय बिघडतं

कायदा घटकाभर बाजूला ठेवा. सातपूरचा टर्नर शतांश मिलिमीटरचं माप धरतो, यात शंका नाही. पण बंदुकीत माप हा अर्धाच भाग आहे. काडतूस पेटल्यावर नळीच्या मागच्या भागात जो दाब तयार होतो तो सोसायला ठराविक जातीचं पोलाद आणि ठराविक पद्धतीनं दिलेलं पाणी लागतं. भंगारातल्या शाफ्टमधून काढलेला भाग दिसायला चकचकीत असतो, पण तो ठिसूळ आहे की मऊ हे डोळ्यांना कळत नाही. ते पहिल्या किंवा पन्नासाव्या बाराला कळतं आणि तेव्हा गाल बंदुकीला टेकलेला असतो. वेल्डिंगची उष्णता तर मूळच्या चांगल्या पोलादाचंही पाणी उतरवते. कारखान्यातून निघालेलं शस्त्र जास्त दाबाची चाचणी देऊन बाहेर पडतं. वर्कशॉपमधल्या भागाची चाचणी शेतकऱ्याच्या तोंडापुढं होते.

नुसता गंज आणि माती यांनीही नळी फुटते. पावसाळ्यात नळीत शिरलेला चिखल, गांधीलमाशीनं बांधलेलं मातीचं घर किंवा अडकलेली चिंधी बार सुटताना पुढची वाट अडवते आणि नळी केळीसारखी सोलली जाते. जुन्या काडतुसांचाही भरवसा धरू नये.

हाच धडा ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात वेगळ्या तऱ्हेनं मिळाला. प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बनवलेल्या घरगुती "बंदुकी"मुळं तिथं अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. माकडं आणि पाखरं हाकलायला हीच जुगाडी यंत्रं आपल्याही मळ्यात दिसतात. घरात मुलं असतील तर ती आजच मोडून टाका.

मग घरी काय करता येईल

बंदुकीची निगा राखायला कोणी अडवलेलं नाही. ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, नळी गजानं आणि कापडानं पुसायची, बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, दस्त्याचं लाकूड कोरडं पडलं असेल तर वरून अळशीच्या तेलानं पुसायचं. एवढं घरी. कातड्याच्या म्यानात बंदूक वर्षभर ठेवू नये, त्यात ओल धरते. कुलपात ठेवावी आणि किल्ली घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडं असावी.

घोडा, चाप, बोल्ट, नळी, तडकलेला दस्ता, दुर्बिणीसाठी पाडायची भोकं, यातलं काहीही असलं तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानदाराकडंच जायचं. सोबत मूळ परवाना न्यायचा, पावती घ्यायची आणि ती परवान्यासोबत जपून ठेवायची. नळी किंवा शस्त्रच बदलायचं असेल तर आधी परवाना अधिकाऱ्याची मंजुरी. सातपूर १९८२ पासून नाशिक महापालिकेत आहे आणि शहर पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं, म्हणून इथल्या रहिवाशांचं परवान्याचं काम पोलिस आयुक्तांकडं. आयुक्तालयाबाहेरच्या गावांचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडं.

आणखी दोन गोष्टी. परवान्याची मुदत आता ३ ऐवजी ५ वर्षांची आहे आणि एका माणसाला ३ ऐवजी २ च शस्त्रं ठेवता येतात. वडील वारल्यावर बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करून वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करावा लागतो. वडील हयात असताना, त्यांचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडं असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय आहे. तीन पिढ्यांची बंदूक विनापरवाना माळ्यावर पडून असेल तर दुरुस्तीचा विचार सोडा, आधी ती कायदेशीर करा.

बंदुकीनं प्रश्न सुटतो का

समजा, बंदूक ठणठणीत आहे आणि परवानाही चालू आहे. तरी त्या परवान्यानं शिकारीचा हक्क मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यानंतर शिकारी रायफलीचं मूळ कामच संपलं. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायलाही वन खात्याची लेखी परवानगी लागते. त्यासाठी राज्य शासनानं २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगायीबाबत कार्यपद्धती ठरवून दिली होती. बिबट्या तर कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. जिवावर बेतलं असता स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी केलेली कृती कायदा गुन्हा मानत नाही, पण उसाच्या फडाकडं अंदाजानं बार काढणं म्हणजे बचाव होत नाही. जखमी बिबट्या धडधाकट बिबट्यापेक्षा वाईट, असं वनरक्षक सांगतात ते अनुभवानं. बिबट्या दिसला तर १९२६ या वन खात्याच्या क्रमांकावर कळवा.

नुकसानीचं म्हणाल तर वन खात्याची भरपाई आहे. पंचनामा वेळेत व्हावा म्हणून त्याच दिवशी कळवायचं, पायाचे ठसे आणि लोळलेलं पीक यांचे फोटो काढायचे. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये वन्यप्राण्यांमुळं होणारं नुकसान खरीप २०२६ पासून पीक विम्यात स्थानिक जोखीम म्हणून घेण्याचं जाहीर केलं. त्यात ७२ तासांत ॲपवर फोटोसह माहिती द्यायची अट आहे आणि कोणते प्राणी, कोणते भाग हे राज्यानं ठरवायचं आहे. म्हणून विमा भरतानाच आपला तालुका यादीत आहे का, हे कृषी कार्यालयात विचारून घ्या. शेजारचे दहा शेतकरी मिळून केलेलं सौर कुंपण आणि पाळीपाळीची राखण यांचा खर्च एका बंदुकीच्या खटाटोपापेक्षा अंगावर कमी येतो. कुंपणात थेट मेनची वीज मात्र कधीही सोडू नये. त्या तारेला डुकराआधी आपलाच माणूस चिकटतो.

शासनानंही एक बाजू बघायला हवी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद आहे, जुन्या विलायती बंदुकांचे भाग मिळत नाहीत, परवानाधारक दुरुस्तीवाले मोजके. सरळ रस्ता लांबचा असला की माणूस आडवाटेनं जातो. परवाना नूतनीकरणाच्या वेळी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एक दिवस परवानाधारक कारागीर बसवून शस्त्रांची तपासणी केली, तर निम्म्या बंदुका निकामी ठरून जमा होतील आणि उरलेल्या सुरक्षित राहतील. याला फार पैसा लागत नाही. महसूल, पोलिस आणि वन खात्यानं एका टेबलावर बसायला तेवढं हवं.

तोवर, शेतकरी बंधूंनो, या आठवड्यात एवढं करा. घरातल्या शस्त्राचा परवाना काढून मुदत बघा. परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक जुळवून बघा. घोडा अडकत असेल तर बंदूक तशीच कुलपात ठेवा आणि परवाना असलेल्या दुकानाचा पत्ता पोलिस ठाण्यात विचारा. सातपूरच्या लेथवर पंपाचा शाफ्ट न्या, फवाऱ्याचा नोझल न्या, रोटाव्हेटरचं पातं न्या. बंदूक नेऊ नका.