पाहुण्यानं पाहुणाच राहावं

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकला की नागपूरच्या सदर, सिव्हिल लाइन्स, धरमपेठेतल्या घरांत थंड हवेचे बेत शिजू लागतात. अलीकडे त्यात एक नवा प्रकार आला आहे. नुसतं फिरून यायचं नाही. ढगांत बुडालेल्या जंगलात पक्षी बघायचे आणि जोडीला ‘संवर्धनाचं काम’ही करायचं. अरुणाचलातलं ईगलनेस्ट, निलगिरीतली शोलावनं, आणि खिसा जड असेल तर थेट कोस्टा रिकातलं मॉन्टेव्हर्डे. रोपं लावा, पायवाट साफ करा, पक्ष्यांच्या नोंदी करा आणि आठ-दहा दिवसांनी प्रमाणपत्र घेऊन घरी या. या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. दुर्बिणीवर पैसा घालणारा नागपूरकर मला मॉलमध्ये उधळणाऱ्यापेक्षा केव्हाही जवळचा. पण त्या जंगलांना जे हवं असतं ते दहा दिवसांच्या स्वयंसेवकाकडे नसतं, आणि त्याच्याकडे जे असतं त्याची निकड तिथल्यापेक्षा इथे जास्त आहे. तिथे त्यानं सरळ पाहुणा म्हणून जावं, ठरलेले पैसे मोजावेत, आणि श्रम विदर्भात करावेत.

ईगलनेस्टचंच बघा. व्यवसायानं खगोलशास्त्रज्ञ असलेल्या, पुण्यात काम केलेल्या रमणा अत्रेय यांना १९९५ साली तिथे एक अनोळखी पक्षी दिसला. तो नवी प्रजाती म्हणून जगापुढे यायला २००६ साल उजाडलं. पक्षी इतके थोडे, की नमुन्यासाठी एकही मारायचा नाही असं ठरलं. पकडलेल्या पक्ष्याची गळालेली पिसं आणि छायाचित्रं घेऊन त्याला सोडून दिलं आणि तेवढ्यावर शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. नाव ठेवलं ते तिथल्या जमातीवरून, बुगुन लिओसिचला. पुढे २०१७ मध्ये सिंगचुंग गावच्या बुगुनांनी आपल्या जंगलाचा सतरा चौरस किलोमीटरचा तुकडा सामुदायिक राखीव क्षेत्र करून घेतला. तिथे गस्त घालतात ती गावातलीच पोरं. त्याच डोंगरांत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संशोधक २०११ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालून वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवत आहेत. तोडलेल्या जंगलातला पक्षी आणि शाबूत जंगलातला पक्षी यांच्या जगण्यात फरक काय पडतो, हे कळलं ते या चिकाटीमुळे, आणि जाळ्यातून पक्षी अलगद सोडवणारे हात होते तिथल्याच शिकून तयार झालेल्या माणसांचे. या सगळ्या हकिकतीत आठवडाभरासाठी आलेल्या बाहेरच्या मदतनिसाला कुठे बसवायचं? नवख्या हातात जाळ्यातला पक्षी देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. आणि पायवाट साफ करायला सिंगचुंगच्या पोराला मजुरी मिळत असेल, तर तेच काम फुकट करायला जाऊन आपण त्याच्या पोटावर पाय देत नाही ना, एवढा तरी विचार व्हावा.

यावर नेहमीचं उत्तर असं, की अहो, पर्यटकांच्या पैशावरच तर ही जंगलं उभी आहेत. बऱ्याच अंशी खरं आहे. पक्षी बघायला येणाऱ्यांचं शुल्क गावापर्यंत पोहोचतं म्हणून झाड उभं ठेवण्यात फायदा दिसू लागतो. पण हा युक्तिवाद पाहुण्याच्या बाजूचा आहे, स्वयंसेवकाच्या नव्हे. पाहुणा पैसे देतो, स्थानिक मार्गदर्शक घेतो, गावातल्या माणसाच्या हातचं जेवतो आणि निघतो. हा व्यवहार स्वच्छ आहे. ‘स्वयंसेवक’ म्हणून येणाऱ्याला मात्र काम द्यावं लागतं, आणि नसलं तर ते त्याच्यासाठी शोधावं लागतं. शिवाय दूरच्या जंगलाला मदत करायला तिथे जायलाच हवं असंही नाही. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका लहान खेडेगावातल्या शाळकरी मुलांनी मॉन्टेव्हर्डेजवळचं जंगल विकत घेऊन वाचवता यावं म्हणून पैसे जमवायला सुरुवात केली. त्यातून उभं राहिलेलं ‘मुलांचं शाश्वत वन’ आज वीस हजार हेक्टरांहून मोठं आहे. पोरं आपल्या वर्गातच होती.

मॉन्टेव्हर्डेचीच दुसरी गोष्ट मात्र कडू आहे. तिथल्या ढगांच्या जंगलात एक सोनेरी भेक होता, जगात दुसरीकडे कुठेच न आढळणारा. १९८७ मध्ये प्रजननाच्या काळात दीड हजारांवर दिसले. १९८९ मध्ये एक नर दिसला. त्यानंतर कुणालाच काही दिसलं नाही. जंगल राखीव होतं, तिथे कुणी कुऱ्हाड चालवली नव्हती. बुरशीजन्य रोगाचा वाटा किती आणि कोरड्या पडलेल्या वर्षांचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. पण १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच डोंगरावर धुक्याविना जाणारे कोरडे दिवस वाढल्याचं आणि खालच्या उतारांवरचे पक्षी वर सरकल्याचं दिसलं होतं. ढगांचं जंगल जगतं ते पानांवर जमणाऱ्या धुक्याच्या ओलीवर. हवा तापली आणि ढगांचा तळ डोंगराच्या वर उचलला गेला, की कुंपण कितीही पक्कं असलं तरी उपयोग नाही. नागपूरहून कोस्टा रिकाला जाऊन येणाऱ्या विमानप्रवासाचा धूर या हिशेबात कुठल्या बाजूला लिहायचा, हे प्रमाणपत्र देणारे सांगत नाहीत.

आता राहिला प्रश्न, इथे करायचं तरी काय? ढग आपल्याकडे उतरतात ते फार तर पावसाळ्यात चिखलदऱ्याला, आणि गोरेवाड्याला जाण्यात मिरवण्यासारखं काही नाही. मान्य. पण स्वयंसेवकांनी खरोखर काय साधलं याचे आपल्याकडचे सगळ्यात भक्कम पुरावे या बिनमिरवण्याच्या कामातलेच आहेत. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा आहे. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घ मुदतीचा कल काढता आला, त्यांतल्या साठ टक्के घटल्या आहेत. केरळात २०१५ ते २०२० या काळात हजारावर स्वयंसेवकांनी राज्याचा पक्षी-नकाशा तयार केला. वाट्याला आलेल्या चौकोनात जायचं, मग तिथे धनेश असो की नुसते कावळे, ही त्याची अट होती. हौसेला अशी शिस्त लागली की तिचं ज्ञान होतं. विदर्भात असं काम करणाऱ्यांना विषयांची वाण पडणार नाही. सातपुड्यातला रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाच्या खात्रीच्या नोंदीत नव्हता. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि मग मेळघाटातही त्याची चांगली वस्ती निघाली. मारुती चितमपल्लींनी पक्षिकोश लिहिला तो वनखात्यातल्या छत्तीस वर्षांच्या बळावर, आणि नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या, तिथल्या तळ्याकाठी आयुष्य काढलेल्या माणसापाशी बसून.

आणि गोंदियाचा सारस. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ त्याच भागापुरता उरला आहे. अलीकडच्या गणनांमधला आकडा तीस-चाळिसांच्या आगेमागे घुटमळतो. हा उंच पक्षी घरटं बांधतो ते भातखाचरात नाही तर तळ्याच्या उथळ पाण्यात, म्हणजे त्याची अंडी शेतकऱ्याच्या मर्जीवर. ‘सेवा’ या संस्थेनं शेतकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली, दर उन्हाळ्याच्या अखेरीस पहाटे गणना केली. विजेच्या तारा आणि फवारणी यांचं संकट अजून टळलेलं नाही, म्हणून हे काम संपलेलंही नाही. अंडी उबायला महिनाभर लागतो. तेवढे दिवस घरट्यावर लांबून नजर ठेवणारा, शेतकऱ्याशी त्याच्याच बोलीत बोलू शकणारा माणूस अरुणाचलातून आणायचा का?

एक आक्षेप मला खरंच वजनदार वाटतो. ढगांतलं जंगल एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस बदलतो, त्यातूनच पुढचे कार्यकर्ते घडतात, असं म्हणतात. काही घडत असतीलही. म्हणूनच जाऊ नका असं मी म्हणत नाही. एखाद्या संशोधन संस्थेनं स्वतःहून बोलावलेले, चार-सहा महिने राहून काम शिकणारे विद्यार्थी तर या टीकेतून वगळलेच पाहिजेत. बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारावं, की आमच्या पैशातले गावाला किती, आम्ही नसतो तर हे काम कुणी केलं असतं, आणि आमच्या नोंदी पुढे कुठे जातात. उत्तरं गुळमुळीत आली तर साधी सहल म्हणून जावं. परतल्यावर सारसाच्या विणीचा हंगाम तोंडावर असतो. नागपूरहून गोंदियाला रेल्वेनं दोन-अडीच तास लागतात, आणि शनिवार-रविवारी जायला कचेरीत रजेचा अर्जही टाकावा लागत नाही.